सहा बरोबर नऊ

२ मार्च

आजही क्ष सापडला नाही! इस्पितळाच्या लॉन्ड्रीत दिवसाला चारशे चादरी मोजते, एक इकडची तिकडे होत नाही — आणि ही एवढीशी ओळ जीव खाते. मुकादम व्हायचं तर दहावी हवी. बाकी विषय सुटले, गणितानं दोनदा आपटलं. जागा एप्रिलअखेर भरणार. म्हणजे ही शेवटची खेप.

शिकवणार कोण? धाकटी जाऊ! शाळेत शिकवते ना. तिच्यापुढे वही घेऊन बसायचं अगदी जिवावर येतं.

५ मार्च

कंसाबाहेरच्या आकड्यानं मी आतल्या पहिल्यालाच गुणते. जाऊ म्हणाली, जेवायला दोघं बसलेत ना, मग दोघांनाही वाढा.

बाजू बदलली की चिन्ह बदलतं, म्हणे. आमच्या नणंदेसारखंच! दोघी हसलो. किती वर्षांनी.

९ मार्च

ओळीनं अकरा बरोबर!! तरी धाकधूक आहेच. जरा शंका आली की मी 'माझंच चुकलं' म्हणते आणि खोडते. जाऊ वैतागते — आधी ताळा करा, मग खोडा.

१४ मार्च

पेपर झाला. शेवटचं गणित तीन मार्कांचं: २(क्ष + ३) = २क्ष + ९. दोन्हीकडचे क्ष उडाले. उरलं काय, तर ६ = ९! तीनदा केलं, तीनदा तेच. म्हटलं, माझंच चुकलं असणार. सगळं खोडलं आणि ठोकून दिलं — क्ष = ३.

१५ मार्च

जावेला गणित दाखवलं. तिनं सोडवलं. मग म्हणाली, "ताई, याला उत्तरच नाही. क्षच्या जागी काहीही घाला, दोन्ही बाजू सारख्या होणारच नाहीत. तेवढंच लिहायचं. सहा बरोबर नऊ आलं ना? मग तुमचं बरोबर होतं."

मी ते खोडून आले होते. शेवटी सांगितलं. तिनं वही मिटली.

२ एप्रिल

चित्त थाऱ्यावर नाही. आज चादरी दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा आकडा वेगळा!

२० एप्रिल

निकाल. तेहतीस. पस्तीस लागतात.

जागा गेली. जाऊ ओट्याशी उभी राहून रडत होती. तिला जवळ घेतलं. म्हटलं, "रडू नकोस गं. मला गणित येतं."