नकाशाचा कोर्स नसते म्हणे

शनिवार, कुरखेडा

आज बाजारात भूगोलाच्या सरांच्या मिसेस भेटल्या. सहज म्हणाल्या, "आमची पोरगी हैदराबादले गेली ना, कॉम्प्युटरवर नकाशे बनवणं शिकाले."

म्हणजे असा कोर्स असते. हेच तर मी सरांना विचारलं होतं. गावच्या वनहक्काच्या दाव्यासाठी म्हाताऱ्यांसोबत जंगलाच्या शिवेशिवेनं मीच चालली, हातात जीपीएस घेऊन. बायांनी चौकात रांगोळीनं आखलेलं जंगल कागदावर मीच उतरवलं. सरांनी तो नकाशा नीट पाहतो म्हणून ठेवून घेतला. अन् म्हणाले, "असा कोर्स नसते कुठी. तू डी.एड. कर."

केलं मी डी.एड. दुसऱ्या कोणाले काऊन नाई विचारलं? सर खोटं बोलतील, हे मनातच आलं नाई. स्वतःच्या पोरीसाठी बरा सापडला कोर्स.

"छान," म्हटलं मी. मिसेसना वाटलं, मले आनंद झाला. मायेनं म्हणाल्या, "तुह्याच नकाशावर शिकवलं तिच्या बाबानं तिले. भिंतीवर लावून आहे अजून."

किती वेळा मागितला होता मी तो नकाशा. उधई लागली, पोखरून खाल्ला, म्हणाले होते सर.