गादीच्या वर एक वीत

प्रिय आत्याबाई,

ओवी साडेपाचला शाळेतून येईल. सकाळी रिक्षात चढता चढता तुमच्या नातीनं एक प्रश्न विचारला आणि उत्तराला थांबली नाही. तेव्हापासून मी घरभर फिरतेय. तोच ओटा तीनदा पुसला. शेवटी तुम्हाला लिहायला बसले, कारण प्रश्न तुमच्याबद्दल आहे आणि उत्तर माझ्याबद्दल.

"आई, आजीनं मला ढकललं का गं?"

सांगते. रविवारी दुपारी ओवी मुलींच्या दुमजली पलंगाच्या, तुमच्या त्या 'माडीच्या पलंगा'च्या, वरच्या मजल्यावरून झोपेत खाली पडली, शहाबादी फरशीवर. डावं मनगट मोडलं, डोकं वाचलं. संध्याकाळी मंद्रूपहून वन्संचा फोन. "वैनी, मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत न्हाईत. तुमी ऐकलं न्हाय. आता आई बोलवाय लागलीया पोरीला." स्पीकर चालू होता. प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन पोरगी शेजारीच बसली होती.

तुमचे चिरंजीव "शनिवारी गादी काढू" एवढंच म्हणाले. शनिवार म्हणजे उद्या.

पलंग आला तो दिवस आठवतो? सात रस्त्याच्या दुकानातून टेम्पो आला, आणि तुम्ही दारातच म्हणालात, "माणसानं भुईवर झोपावं. भुईवरनं कोण पडत न्हाय." मग फिटिंगवाल्याला तासभर राबवलंत. शिडी हलवून बघितली. पलंग पंख्यापासून लांब नेऊन भिंतीला असा चिकटवून घेतला, की मध्ये पोराचा हातसुद्धा अडकू नये. पाच वर्षांच्या धाकट्या जुईला बजावलंत, "दुधाचं दात पडल्याबिगर वर चढायचं न्हाय." आणि गादी टाकल्यावर कठड्याला हात लावून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत ताणलीत. "गादीच्या वर एवढा कठडा उरायला पायजे. न्हायतर तो कठडा न्हाय, नक्षी हाय."

मी काय केलं? पुढच्याच रविवारी माझ्या सदरात तुमच्यावर लेख ठोकला, 'घरगुती सुरक्षा खातं'. वाचक पोट धरून हसले. तुम्ही तो ओवीकडून वाचून घेतलात आणि माझ्या जिभेवरून मला ठेवलेल्या नावानं म्हणालात, "कातर झ्याक चाललीया. पर माजं नाव का न्हाय घातलं?"

चार महिन्यांपूर्वी तुम्ही गेलात. तेराव्यानंतर रीतीप्रमाणं तुमचं अंथरूण द्यायला काढलं, तर ओवी त्यावर आडवी. तुमच्या अंगानं कापसात पडलेल्या खड्ड्यात मुटकुळं करून. उठेचना. मी सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं, गादी कुठंही जाणार नाही. आणि हातोहात ती वर नेऊन तिथल्या फोमच्या गादीवर चढवली. त्या रविवारी रूढींवर लेख लिहिला. त्यात रीत कशी मोडली, नातीला आजी कशी परत मिळाली, सगळं होतं. लोकांनी फार वाखाणला.

एकच गोष्ट बघायची राहिली. तुमची गादी तुमच्यासारखीच, भरलेली. गादीवर गादी. कठडा किती उरला होता? दवाखान्यातून आल्यावर मोजला. दोन बोटं.

हे पाच दिवस मी कोणाला सांगितलेलं नाही. कातर म्हणे! वन्सं तुम्हाला बोल लावत राहिल्या आणि मी ऐकत राहिले. रूढींवर लेख पाडणारी बाई भुताच्या आडोशाला जाऊन बसली. सोयीचं होतं ना.

तुमचीही कमाल आहे, आत्याबाई. शेवटचे तीन दिवस दवाखान्यात होतात. तेव्हा एवढं सांगून जायचं, की माझ्या माघारी वीत घालत जा. ते नाही. सगळा वेळ जुईच्या दातांची चौकशी. "हलतोय का गं एखादा?"

इथवर लिहिलं आणि रिक्षा वाजली.

ओवीचं दप्तर काढलं आणि तिला तशीच पलंगाशी नेलं. "शिडीवर उभी राहा, मी धरते. गादीच्या वर कठडा किती आहे?"

तिनं उजवा हात लावला. "दोन बोटं."

"आणि आजीला किती लागायचा?"

तिनं वीत ताणली. पाठच होतं तिला.

"मग गादीवर गादी कोणी टाकली?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "तू."

"हो. मी."

"म्हणजे आजीनं नाही ढकललं."

"आजी असती तर तिनं मला ही गादी वर चढवूच दिली नसती."

"तुलाच ढकललं असतं," खालच्या पलंगावरून जुई म्हणाली.

मग वन्संना फोन लावला. स्पीकर चालू ठेवून. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आई वीत घालायची व्हय. आमच्या बाजंवर पण घालायची की."

तुमचे चिरंजीव दारात उभे राहून ऐकत होते. पुढं आले आणि गादीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी ती उतरवली आणि खिडकीखाली भुईवर टाकली. ओवी चहाच्या आधीच तुमच्या खड्ड्यात जाऊन पडलीय. जुई जागेसाठी भांडतेय. दात अजून एकही हलत नाही.

ओवी पुन्हा वर झोपेल ती एकाच पातळ गादीवर, आणि चादर बदलली तरी मी आधी हात लावीन. माझी वीत तुमच्याहून लहान आहे, म्हणून वर दोन बोटं जास्त धरीन. आणि हे सगळं परवाच्या सदरात छापून येईल. या वेळी तुमचं नाव घालून, शेवंताबाई. चुकीपुढं माझं.

तुमची सून,
कातर