हिराची हजेरी

९ जुलै २००१, डोळखांब

आज पुन्हा तेच. पाड्यावरच्या शाळेत पहिली-दुसरी एकत्र बसवून हजेरी घेत होते. सुनंदा, भारती, आणि त्यांच्या मागोमाग तोंडातून निघालं, "हिरा काळू."

सगळ्या पोरांनी माना वर केल्या. हिराला जाऊन या आश्विनात तीन वर्षं होतील.

मग पुढच्या रांगेतून बारीक आवाज आला, "हजर बाई." सोनी. हिराची धाकटी बहीण, यंदाच पहिलीत आलीय. तिला वाटलं असेल, घरातल्या कुणीतरी ओ द्यायला हवी. मी पुढचं नाव घेतलं. दुसरं काय करणार होते?

शाळा उघडल्यापासून ही चौथी खेप.

१४ जुलै, मुरबाड

शनिवारची शाळा करून घरी. भर जुलैत स्वेटर घालून बसलेय म्हणून हे हसतात. आवाज घोगरा झालाय. दोनदा चहा ठेवला, दोनदा विसरले. हे म्हणाले, "वय झालं गं तुझं." माझं त्रेचाळीस, ह्यांचं एकोणपन्नास, आणि वय मात्र माझं झालं!

काल फळ्यापाशी सात आठेवर अडले. येत नव्हतं असं नाही. कुठंतरी खाली होतं, वर यायला वेळ लावत होतं. मुलं वाट बघत बसली. एकजण शेवटी हळूच बोलला, छप्पन्न. मी त्याला शाबासकी दिली, जणू मुद्दामच थांबले होते. लाज वाटली फार.

२० जुलै

हापशीवर मी गेले की बायका गप्प होतात. आज गंगूआजीनं सांगून टाकलं. "बाई, राग नका मानू. भगत बोलला, त्या पोरीनं धरलंय तुमाला. एक कोंबडा द्या, सुटाल."

"आजी, मी शिकवते तिथं असलं काही चालत नाही," म्हटलं आणि कळशी अर्धी भरूनच निघाले.

रागावले तर होतेच. पण खोटं कशाला लिहू, डोळखांबातल्या भाड्याच्या खोलीवर आल्यावर हायसंही वाटलं. हिरानं धरलं असेल तर तिला विचारता तरी येईल.

२२ जुलै

काय विचारायचंय ते लिहूनच टाकते. तीन वर्षं टाळलं.

तेव्हा मी नावं पुकारत नव्हते. वर्गावर नजर फिरवायची, आणि मधल्या सुट्टीत डबा खाता खाता हजेरीचा कॅटलॉग भरायचा, आठवणीनं. सगळी पोरं तोंडपाठ, त्याचीच मिजास. त्या दिवशीही तसाच भरला. हिरा हजर. तासाभरात ओरडा आला की तिच्या बापाच्या, काळूच्या शेतात, भात राखायच्या माळ्याखाली, हिराला साप चावलाय. डोळखांबच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपली होती.

तिची आई तारा म्हणाली, मी सकाळी शाळेत धाडली होती. कॅटलॉग म्हणाला, हजर. म्हणजे पोर शाळेतून पळून शेतावर गेली. सगळ्यांनी तेच धरलं. काळू एकदाच बोलला, "बाई, तुमचं लक्ष कुठं व्हतं?" नंतर कधीच नाही.

मला त्या सकाळची हिरा आठवत नाही. आदल्या दिवशीची आठवते, फाटकी रिबीन, पाटीवर थुंकून पुसायची ती. त्या सकाळची जागा मोकळी आहे. ती आली होती की नव्हतीच? मी पोर हरवली की नुसती खूण चुकले? यातलं कमी वाईट कोणतं, तेही ठरत नाही.

३० जुलै, शहापूर

ह्यांनी ओढतच डॉक्टरांकडे नेलं. नवीन आहेत, बाईच आहेत. मला वाटलं डोक्याचा फोटो वगैरे काढायला सांगतील. त्यांनी गळा चाचपला, घोट गिळायला लावला, गुडघ्यावर हातोडी मारली. रक्त घेतलं, ते कल्याणला जाणार.

८ ऑगस्ट, शहापूर

थायरॉईड. गळ्यातली ग्रंथी आळसावलीय, पण थोडीशीच. एक आकडा हद्दीच्या जरा वर, दुसरा अगदी बरोबर. "किरकोळ आहे," म्हणाल्या.

"किरकोळ आजारानं माणूस मेलेल्या पोरीचं नाव पुकारतं?"

त्या हसल्या नाहीत, हे बरं केलं. म्हणाल्या, काहींना एवढ्यानंही विसरायला होतं, डोकं जड होतं, मन खचतं. काहींना काहीच होत नाही. तुमचं यामुळंच आहे की मनाला लागलेल्या गोष्टीमुळं, हे मी छातीठोक सांगणार नाही. छोटी गोळी देते, उपाशीपोटी घ्या, दीड-दोन महिन्यांनी बघू.

निघताना विचारलंच. "तीन वर्षांपूर्वीही असेल का हे?"

"तेव्हाचं रक्त कुठं आहे आपल्याकडं?"

"आणि तेव्हा विसरलेलं गोळीनं परत येईल?"

"मुळात डोक्यात शिरलंच नसेल, तर परत काय येणार बाई?"

येताना एसटीत तेच घोळत राहिलं.

१७ सप्टेंबर

फरक पडतोय. स्वेटर सुटला. पाढे धडाधड येतात. तिसरी-चौथीचे गुरुजी म्हणाले, "बाई, पुन्हा ओरडायला लागलात, बरं वाटलं." गावात झालं की शहापूरच्या गोळीनं बाईंना सगळं आठवायला लागलं. गंगूआजीचं म्हणणं, भगतानं परस्पर उतरवलं.

पंधरा दिवस झाले, हजेरीत हिराचं नाव आलं नाही. भारतीनंतर जीभ सरळ पुढं जाते. सुटले म्हणायला हवं. पण त्या नावापाशी मी रोज थोडी थांबत होते, तेवढीच ती वर्गात असायची. आता तीही जागा बुजली. आज सोनी माझ्याकडं बघत बसली होती, नाव येईल म्हणून. मला तिच्याकडं बघवेना.

ती सकाळ काही परत आलेली नाही. डोकं स्वच्छ झालं आणि तेवढी जागा आणखीच मोकळी दिसायला लागली.

११ ऑक्टोबर

आज ताराकडे गेले. भात पिकलंय, माळ्यावर ती एकटीच पाखरं हाकत होती. मी खाली उभी राहून बोलले, नाहीतर धीर झाला नसता. म्हटलं, "तारा, त्या दिवशीची हजेरी मी न बघता भरली होती. हिरा आली होती का, मला ठाऊक नाही. तेव्हापासून आजारी असेन, नसेनही. पण भरली मी."

ती खाली उतरली. मग म्हणाली, "ती आलीच नव्हती बाई. मीच ठेवलेली हितं, पाखरं हाकायला. सोनी तापानं फणफणलेली, मी एकटी काय काय करू?"

मी खालीच बसले.

"ह्यांनी आदल्याच दिवशी दम दिलेला, पोरीची शाळा बुडवलीस तर घरात घेनार नाय. पोरीला पान लागलं, साप डसला, आन् माझी वाचाच गेली. शाळेत धाडली, असं मीच बोलले. तुमी हजर मांडली म्हणून मी वाचले, बाई. नायतर ह्यांनी मला उभी जाळली असती, नाय तर मीच इहीर जवळ केली असती."

माझे दोन्ही हात धरले. "आता तुमाला आठवतं म्हणतात. त्यांना नका सांगू."

म्हणजे मी पोर हरवली नव्हती. तीन वर्षं हेच ऐकायला तडफडत होते. ऐकलं, आणि रडू आलं ते तिच्यासाठी. येताना बांधावर दोनदा थांबले.

१५ ऑक्टोबर

घरी ह्यांना सांगितलं नाही. डॉक्टरांकडे तपासणी, आकडा हद्दीत आला. "आता कसं वाटतं?" म्हणाल्या. छान, म्हटलं.

मी त्या दिवशी डोळे उघडे ठेवून "गैरहजर" लिहिलं असतं तर? कॅटलॉगातल्या खुणेनं तिला शेतातून कुणी आणलं नसतं. हिरा वाचली नसती. ताराही गेली असती. मग चूक झाली ते बरं झालं म्हणायचं? असलं काही मला मुलांना शिकवता येणार नाही.

१९ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर काळू आला. धरणावरच्या कामावरून थेट, पायाला चिखल तसाच. तीन वर्षांत शाळेची पायरी चढला नव्हता. सोनी फाटकात उभी होती, तिला म्हणाला, तू हो पुढं.

मला वाटलं, ताराचं कळलं.

तो बाकावर बसला, पोरांच्या, गुडघे छातीशी. म्हणाला, "बाई, मी त्या टायमाला तुमाला तोडून बोललो. मनात नका ठेवू."

"नाही ठेवलं, काळूभाऊ."

"तुमाला गोळीनं समदं आठवाय लागलं बोलतात. मी पहाटेच कामावर गेलतो, ती निजलेली. तोंड पन नीट नाय बघितलं." पायाचा चिखल नखानं खरवडला. "शेवटचं तुमीच बघितली तिला. सांगा ना बाई, त्या सकाळी कशी व्हती? हसत व्हती का?"

मी कॅटलॉग आवरत राहिले. आवरायचं काही नव्हतं.

"आज डोळखांबची एसटी चुकेल माझी," म्हटलं. "उद्या सांगते."

"चालंल की. आता इतकी वर्सं थांबलो." उठला, बाक जागेवर सरकवला, आणि म्हणाला उद्या शनिवार, सकाळची शाळा, सोनीला सोडायला मीच येतो.