दारामागची पाटी आणि मामांचा सिगार

ती. मामांना ससोबाचा साष्टांग नमस्कार. (हा नुसता कागदावरचा समजू नका. गेले पाच दिवस गुडघ्यांत उभं राहण्याइतकं बळ नाही, त्यामुळे आडवा मी तसाही आहेच.) तुमचा गुडघा कसा आहे? डाव्या कानाने अजून ऐकू येत नाही, की मामी म्हणते तसं ती बोलत असतानाच तो कान बंद असतो? खोकल्याचं औषध घेता ना? मामीला नमस्कार सांगा, आणि हे पत्र तिच्यासमोर मोठ्याने वाचू नका. का ते पुढे कळेलच, पण पुढचं आधी वाचू नका. तुम्हाला पत्राची शेपटी आधी धरायची सवय आहे.

तुम्ही लहानपणापासून मला बजावत आलात की कुणाकडे रिकाम्या हातांनी जाऊ नये. त्या एका वाक्याने माझा घात केला. तुमच्यावर राग नाही. रागवायला अंगात जोर लागतो, आणि माझा सगळा जोर घाबरण्यात खर्च होतो.

तुम्हाला माहीतच आहे की माझं मन दातांच्या डॉक्टरणीवर बसलं आहे. (तिने हत्यार हातात घेण्याआधीच मी बेशुद्ध पडलो होतो, आणि डोळे उघडले तर माझा हात तिच्या हातात. ती नाडी बघत होती, हे नंतर कळलं. त्यानंतर माझे चार चांगले दात दुखून गेले.) तिचा होकार आहे. राहिले तिचे वडील. ते निवृत्त न्यायाधीश. तीस वर्षं माणसांना उभं करून प्रश्न विचारल्यामुळे अजूनही कुणी समोर खुर्चीत बसलं की त्यांना आश्चर्य वाटतं. त्यांनी निरोप पाठवला, ‘शनिवारी चार वाजता सिगार लाउंजमध्ये या. बोलू.’ मामा, त्या ‘बोलू’ने माझी पाचावर धारण बसली. ज्याला स्टोव्हच्या धुराने ठसका लागतो, त्याने सिगार लाउंजमध्ये जाऊन बोलायचं काय आणि खोकायचं किती?

तुम्हाला फोन केला तर तुम्ही बोटीवरच्या नोकरीतला तो बिस्किटांचा डबा काढलात, आतले सिगार सुकू नयेत म्हणून बटाट्याची फोड घालून वर्षानुवर्षं ओलसर ठेवलेला, आणि दोन सिगार पाठवलेत. ‘एक त्यांना दे, एक तू ओढ, म्हणजे घराणं कळतं.’ मी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. बाहेरच्या खिशात घड्याळजीचं भिंग होतं, ते मी सवयीने नेतो. डोळ्याला भिंग लावलं की जग लहान होतं आणि भीती तेवढीच कमी वाटते.

लाउंजचं दार भलं जाड. ते पांढरे हातमोजे घातलेल्या एका माणसाने माझ्यासाठी आधीच उघडून धरलं होतं. (त्याचं नाव मला अजून माहीत नाही. मी मनात त्याला हातमोजे म्हणतो.) दारावर पितळी पाटी होती, पण दार उघडं असल्यामुळे तिचं तोंड भिंतीकडे होतं. एवढी एक गोष्ट सरळ झाली असती, तर आज मी तुम्हाला चार ओळींचं पत्र लिहून मोकळा झालो असतो. हातमोजे अदबीने म्हणाले, “सोबत काही आणलंय?” चोराच्या मनात चांदणं, मामा. मी म्हणालो, “छत्री.”

आत माणसं आपापल्या ढगात बसली होती. खुर्ची इतकी खोल की बसल्यावर माझे गुडघे मलाच समोर दिसू लागले. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं आणि ते सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं, त्यामुळे पूर्ण वेळ तो एक काटा माझ्या छातीत टोचत होता. न्यायाधीशसाहेबांनी तिथलाच एक सिगार माझ्यासाठी मागवला. मी तो नको त्या टोकाला कापला. हातमोज्यांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी मात्र काही न पाहिल्यासारखं केलं आणि उलटतपासणी सुरू केली. काम काय करता? घड्याळं दुरुस्त करतो. बिघाड साधा असेल तर? साधा आहे म्हणून सांगतो. घड्याळ कामातूनच गेलं असेल, आणि गिऱ्हाइकाचा त्यावर जीव असेल, तर? मी म्हणालो, “भिंगातून दिसतं तेच सांगतो.” हे मी शौर्याने म्हटलं नाही, धुराने डोळ्यांत पाणी आलं होतं आणि लांब उत्तर द्यायला श्वास नव्हता. पण त्यांना ते आवडलेलं दिसलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

मग ते मला आतल्या दमट खोलीत घेऊन गेले. तिथे भिंतभर लाकडी खण आहेत, प्रत्येक सभासदाचा एक, किल्ली ज्याची त्याच्याकडे. त्यांनी आपला खण उघडला. आत बारा सिगार, नीट ओळीने, प्रत्येकाला लाल कागदी पट्टी. मुलगी जन्मली त्या आठवड्यात तिच्या आईने विकत आणलेले. आई आता नाही. हे बारा सिगार मुलीच्या लग्नाच्या दिवशी बारा मित्रांना द्यायचे असं दोघांचं ठरलं होतं. साहेब म्हणाले, “पंधरा वर्षं घरच्या कपाटात होते, मग इथे आणले. मित्र पाचच उरलेत. सिगार मात्र बारा आहेत.” एवढं बोलून ते हवेतला ओलावा दाखवणारा काटा बघायला वळले.

मला वाटलं, द्यायची वेळ हीच. पण हातात द्यायचा म्हणजे बोलावं लागणार. म्हणून मी तुमचा एक सिगार खिशातून काढला आणि हळूच त्या बारांच्या शेजारी ठेवून दिला. नंतर सापडेल, त्यांना गंमत वाटेल, घराणं कळेल. साहेबांनी वळून खण बंद केला. मला त्या क्षणी स्वतःबद्दल फार बरं वाटलं. आयुष्यात असं वाटण्याची वेळ कमी येते, आणि आली की तिच्यामागून काहीतरी येतंच.

निघताना दार माझ्यामागे बंद झालं आणि पाटीचं तोंड माझ्याकडे आलं. स्वतःचे सिगार आणणाऱ्यांनी आत येताच तसं सांगावं. आणलेल्या प्रत्येकामागे इथला एक घ्यावा. इथे मिळतात तेच बाहेरून आणू नयेत. इथवर मी नुसता असभ्य ठरत होतो, ते चालण्यासारखं होतं. पण खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: बाहेरचा सिगार दमट खोलीत कोणत्याही कारणाने ठेवू नये. त्यात किडा असू शकतो. एका किड्याने अख्खी खोली जाते. हातमोज्यांनी दार किलकिलं करून विचारलं, “वाचलंत ना?” मी म्हणालो, “हो. अक्षर छान आहे.”

दुकानात येऊन तुमचा दुसरा सिगार भिंगाखाली धरला. टोकाला एक भोक. टाचणीच्या डोक्याएवढं, गोल, स्वच्छ.

मामा, पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. डोळे मिटले की तो किडा दिसायचा, तुमच्या सिगारमधून बाहेर येणारा, त्या बारांकडे बघणारा, आणि बसून जेवायला लागणारा. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात मी तासकाटा मिनिटकाट्याच्या जागी बसवला. ते बिचारं दिवसभर धावत सुटलं. तिला सांगावं तर तिच्या आईची आठवण मी किड्याच्या तोंडी दिली हे कुठल्या तोंडाने सांगणार? न सांगावं तर खणात रोज एक कमी होतोय. मला तिच्याशी लग्न करायचं आहे. या एका गोष्टीची मला भीती वाटत नाही, बाकी सगळ्याची वाटते. शेवटी बुधवारी चारला मी लाउंजमध्ये गेलो. (पाटी आधी वाचली. पुन्हा वाचली. हातमोज्यांना आपणहून खिसे उलटे करून दाखवले. भिंग, रुमाल आणि तुमचा दुसरा सिगार, कागदात घट्ट गुंडाळलेला, वर दोऱ्याच्या सात गाठी. त्यांनी तो चिमट्यात धरून दाराबाहेरच्या छत्र्यांच्या भांड्यात ठेवला.)

साहेबांसमोर उभा राहिलो. या वेळी ते बसा म्हणाले तरी बसलो नाही. सगळं सांगितलं, डबा, बटाटा, खण, भोक. ते उठले, माझं कोपर धरलं, दमट खोलीत नेलं आणि दार आतून लावलं. मला वाटलं, संपलं. त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, आणि उघडलं तर आत तुमचा सिगार!

“मुद्देमाल,” साहेब म्हणाले. “काट्याच्या काचेत तुमचा हात दिसला होता. तुम्ही छत्री घेईपर्यंत मी तो काढून घेतला.”

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “त्या दारावरच्या माणसाच्या कानावर गेलं असतं तर नियमाप्रमाणे बाराच्या बारा जाळले असते. मला मोतीबिंदू. मला भोकं दिसत नाहीत. शनिवारपासून घास गोड लागत नाही हो. भिंग आणलंय?” म्हणजे मामा, आम्ही दोघं पाच गल्ल्यांच्या अंतरावर एकाच किड्याला घाबरून बसलो होतो.

मी आधी तुमचा सिगार पाहिला. दोन्ही टोकांना भोक, आणि कडा आत दाबलेल्या. किडा आतून बाहेर येतो, कडा आत दाबत नाही. हे काम सुईचं. सिगार नीट ओढला जावा म्हणून तुम्ही त्यांना दरवर्षी टोचता, होय ना? मामीची मोठी सुई हरवते आणि ती शेजारणीवर संशय घेते, तो उलगडाही मला तिथेच झाला. (म्हणून म्हटलं मोठ्याने वाचू नका.) मग साहेबांनी खण पुढे धरला. मी एकेक सिगार उचलून भिंगाखाली फिरवला. बारावा ठेवून वर पाहिलं, तर ज्यांनी आयुष्यभर निकाल दिले ते खण छातीशी धरून निकाल ऐकायला उभे होते. इतका घाबरलेला माणूस मी आजवर फक्त आरशात पाहिला होता. मी म्हणालो, “बाराही निर्दोष.”

ते तिथल्या स्टुलावर बसले. चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. मग म्हणाले, “तारीख काढा. आणि तुमच्या मामांना पाठवा, रीतसर बोलणी होऊ देत.” आनंदी आनंद! पत्र मिळताच निघा. दोघांनाही नमस्कार.

आपला,
भाचा ससोबा

ता. क. बोलणी पुढच्या रविवारी चार वाजता, लाउंजमध्येच. मामा, तुमच्या पाया पडतो, आयुष्यात एकदाच रिकाम्या हातांनी या. डबा घरी मामीच्या ताब्यात ठेवा, कुलूप लावून. हातमोज्यांनी विचारलं तर छत्रीसुद्धा नाही म्हणा.

ता. क. २. वरचं पत्र पाकिटात घालून पुन्हा बाहेर काढलं. तुमच्याशी खोटं बोललो तर मला झोप येणार नाही. बारांपैकी नऊ सिगार आतून पोखरलेले आहेत. किडा आपला नाही. भोकांच्या कडा जुन्या, काळवंडलेल्या, म्हणजे घरच्या कपाटात होते तेव्हाचाच, आणि खाऊन-पिऊन केव्हाच मेलेला. खोलीला धोका नाही. पण लग्नाच्या दिवशी पेटवायला गेले की साहेबांच्या बोटांत भुसा राहील. भिंगातून दिसतं तेच सांगतो म्हणणारा तुमचा भाचा, आयुष्यात पहिल्यांदा न घाबरता बोलला आणि तेच नेमकं खोटं निघालं. त्यांचा चेहरा बघून तुम्हीही तेच केलं असतं.

ता. क. ३. तिला आज सगळं सांगितलं. वाटलं, लग्न मोडलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “किडलेलं काढून त्या जागी दुसरं बसवायचं, हे तर माझं रोजचं काम आहे. बाबांना मी लग्नानंतर सांगेन, ते मला मोठी शिक्षा देत नाहीत.” लाल पट्ट्या मी चिमट्याने या नऊवरून त्या नऊवर चढवीन, त्याला माझे हात थरथरत नाहीत. हातमोज्यांची अक्कलदाढ सध्या तिच्याकडे अर्धी काढून झाली आहे आणि उरलेली तिच्याच हातात आहे, तेव्हा रविवारी ते तुमचे खिसे बघणार नाहीत. खणाची किल्ली ती आणेल, साहेबांना बोलण्यात गुंतवणं तुमच्याकडे. ते तुम्हाला शिकवायला नको.

तेव्हा मामा, डबा आणा, त्यात निदान नऊ असू देत. आणि निघण्याआधी मामीची सुई तिला परत करा.