न्हाणीतलं पाठांतर

आई,

तुझ्यावर रागवायचं राहून गेलं. तू होतीस तेव्हा मला धीर नव्हता, आणि तू गेल्यावर सगळे तुझ्याविषयी इतक्या हळव्या आवाजात बोलू लागले की त्यात माझा राग कुठे ठेवावा हेच कळेना. इतक्या वर्षांनी तो आज काढते आहे. पेडण्याकडच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथे माझ्या वर्गातली एक मुलगी बाकावरून कोसळली आणि तिचे हातपाय झटके देऊ लागले. मी बाक सरकवले, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी ओढणी दिली आणि घड्याळाकडे बघत बसले. तेवढ्यात इतर शिक्षिकांपैकी एकीनं कांदा आणला, दुसरीनं किल्ल्यांचा जुडगा, आणि शेजारच्या वर्गाच्या बाई चहाची कुलेर, म्हणजे चमचा, घेऊन तिचे दात उघडायला निघाल्या. "तोंडात काही घालू नका," मी म्हणाले. "मग काय नुसतं बघत बसायचं?" "हो. नुसतं बघत बसायचं." पदवीधर माणसं आहेत गं ही. आरोग्य केंद्रातून कोणी येऊन समजावून जातं, या माना डोलावतात, आणि वेळ आली की कांदा.

मुलीची आई धावत आली. "काय नाय बाई, चक्कर आयली तिका." तुझाच शब्द, आई, आणि तुझाच सूर. माझ्या गोळ्या तू डाळीच्या डब्यात ठेवायचीस आणि मला बजावायचीस, "कोणी विचारला तर चक्कर म्हण. दुसरा काय बोलू नको." मिरगी हा शब्द आपल्या घरात कधी उच्चारला गेला नाही. त्याऐवजी माझं पाठांतर होतं. न्हाणीच्या दाराला कडी लावायची नाही, आणि आंघोळ संपेपर्यंत मोठ्यानं काहीतरी म्हणत राहायचं. बाहेर चुलीपाशी तुझा कान. शेजारची काकी आपल्या मुलांना सुनावते, "बघा, न्हाताना पण अभ्यास करता ती," आणि तू हसतेस, खरं सांगत नाहीस. एकदा कवितेचं कडवं आठवेना म्हणून मी थांबले, तर तू हातातल्या आमटीच्या डवल्यासकट आत घुसलीस. मी साबणानं माखलेली, तू पांढरीफटक. "मध्येच थांबू नको गो. आठवत नाय तर पाढे म्हण." मराठीत मी पहिली आले त्याचं कौतुक आजही होतं. ते कशामुळे, हे कोणालाच ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाई दप्तर न्यायला आली. "पोरीक आता घरातच ठेवतंय. गावभर झाला तर उद्या तिका सून म्हणान कोण करून घेतलो?" औषधानं बहुतेकांचे झटके आटोक्यात राहतात, हे मी परोपरीनं सांगितलं. ती मान हलवत राहिली. शेवटी वैतागून मी म्हणाले, "मलाही मिरगी आहे. लहानपणापासून. रोज गोळी घेते." व्हरांड्यातल्या सगळ्या बाया वळून बघू लागल्या. तिनं मला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "मगे तुमच्या आईन तुमका न्हाणीत एकटी कशी सोडली?"

म्हणजे बघ, शिकलेलं सगळं बाजूला राहिलं आणि मला तुझी युक्ती सांगावी लागली. ती म्हणाली, "तिका कविता येणत नाय." मग पाढे. "पाढे पण नाय." "मग तुमच्याशी भांडू दे, पण बोलत राहू दे." तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मुलगी सोमवारी वर्गात होती.

आता मला सुख नाही. कुलेरवाल्या बाई माझ्या हातातून चहाची किटली काढून घेतात आणि पायरी आली की दंड धरतात. मावशीचा फोन आला, "तुझ्या आवशीन इतकी वर्सा सांभाळला, ता तू एका दिवसात घालवलंस." तू एवढं सांभाळलंस की मला तो शब्द स्वतःच्या तोंडून ऐकायला शिक्षिका व्हावं लागलं.

हे पत्र मी कुणाच्या पत्त्यावर टाकणार? पण एक सांगायचं राहिलं. खोलीवर एकटी असते, तरी न्हाणीला कडी लावत नाही आणि अजून मोठ्यानं म्हणते. परवा सगळं नीट आठवत असताना मुद्दाम मध्येच थांबले. दाराकडे बघत बराच वेळ थांबले.