चाकांवरची करंजी

१६ एप्रिल

नाहीच आली. परवा विहारापासून जयंतीची मिरवणूक निघाली, सगळी वाडी नाचली, आई दारातच. पदर पोटावर घट्ट धरून. आतड्याच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली. तेव्हापासून पोटाला पिशवी आहे, शौच त्यातच येतं. कधी आवाज होतो, कधी वास. म्हणून विहार बंद, लग्नं बंद, शेजारच्या ओटीवर बसणंसुद्धा बंद.

मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही. पिशवी बदलते, हात धुते, महाडची एसटी पकडते, सेवा केंद्रात दिवसभर लोकांचे फॉर्म भरते.

२१ एप्रिल

पावसाळा जवळ आला. वाडीवरच्या डोंगराला भेग आहे. मोठा पाऊस झाला की नोटीस येते आणि सगळे खालच्या शाळेत जातात. गेल्या जुलैत तीन रात्री सगळे शाळेत, आम्ही दोघी घरात. बाबा आधी ओरडले, मग त्यांनी हात जोडले. आई म्हणाली, "मरान येऊ दे घरात. एवढ्या बायांमदी मी नाय निजायची." बाबांना रात्रपाळी चुकवता येईना. मी तिच्याशेजारी पडून डोंगराचा कानोसा घेत होते. पहिल्या रात्री खूप भीती वाटली. दुसऱ्या रात्री कमी. तिसऱ्या रात्री काहीच नाही.

तेव्हापासून काहीच नाही.

२९ एप्रिल

तहसील कचेरीतून अर्जाचं उत्तर आलं. शाळेत आईसाठी वेगळी खोली मागितली होती — दोन पानी अर्ज, दवाखान्याचे कागद जोडून. उत्तर एका ओळीचं. "निवाऱ्याच्या ठिकाणी पुरेशा सुविधा उपलब्ध आहेत." शाळेला दोनच वर्ग आहेत!

बाबा म्हणाले, "तू शिकलेली हायस. लिव आनखी एक." चेष्टा करत नव्हते. त्यांचा खरंच विश्वास आहे. माझाही होता.

४ मे

मोबाइलवर एक व्हिडिओ. परदेशातलं एक जोडपं गाडीमागे लहानशी खोली जोडून फिरतं. थेंबाच्या आकाराची, दोन चाकांची. आत फक्त अंथरूण. चार वेळा पाहिला.

शाळेला पटांगण आहे. खोली देत नाहीत ना — मग आपली घेऊन जायची!

९ मे

पोलादपूरला अनिलदादाच्या वर्कशॉपमध्ये गेले. तो वडापावचे गाडे बनवतो. चित्र बघून म्हणाला, "ह्ये काय मॅडम, करंजी?"

म्हटलं, आईला झोपायला. पावसात शाळेजवळ न्यायची. कारणही सांगितलं. हसायचा थांबला.

"आईची उंची किती?"

मला माहीत नव्हती. बी.ए. झाले, आईची उंची माहीत नाही.

१० मे

चार फूट अकरा इंच. दुपारी झोपली होती तेव्हा मोजली.

२४ मे

भंगारातल्या व्हॅनचा एक्सल मिळाला. त्यावर लोखंडी पाइपचा सांगाडा उभा राहिला. प्लाय वाकवताना दोनदा तडकला. मग दादानं ओली पोती टाकून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू वाकवला. मी एक टोक धरून होते. हाताला फोड आले. घरी आल्यावर दिसले.

शेजारच्या प्रयागकाकींची सुमेधा बाळंतपणाला माहेरी आली आहे.

७ जून

आज वाडीतल्या राजेशदादाच्या पिकअपला जोडून करंजी घरी आणली. पोरं मागून धावत होती — करंजी आली, करंजी आली! मी राजेशदादाला विचारलं, हे असं रस्त्यावरून चालतं का? तो म्हणाला, "अगो, शाळेपर्यंत तर न्यायची हाय. गोव्याला चाललीस काय?"

आईनं एक फेरी मारली. बाजूला मोठी झडप, खाली फळी. अनिलदादानं सवयीनं वडापाव द्यायची खिडकीच कापून ठेवली आहे! मी रोज बघत होते आणि माझ्याही लक्षात आलं नाही.

"हितून काय भजी विकू?" आई म्हणाली. मग आवाज बदलला. "बंद कर ती. लोक बघतील."

बाबांनी तिथेच पत्रा ठोकला. बारा स्क्रू.

मग दार. व्हिडिओत ती माणसं रांगत आत शिरतात, म्हणून मी दारही तसंच करून घेतलं होतं. आई म्हणाली, "ह्यात वाकून घुसू? माजं पोट दुमडतं काय? बैलगाडीत कशी बसतात? आधी बूड, मग पाय!"

महिनाभर तिच्यासाठी खोली बांधते आहे. तिला एकदाही विचारलं नव्हतं.

२१ जून

नवीन दार झालं. खाली आडवं पडतं, त्यावर टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. आई आत जाऊन झोपली, दार ओढून घेतलं. बाहेरून विचारलं, कसं वाटतं?

"पेटीत घातल्यागत." थोड्या वेळानं, "बरी हाय पेटी."

बाबांचे डोळे भरून आले. मी बिजागरीला तेल घातलं.

६ जुलै

सुमेधाला मुलगी झाली.

१९ जुलै

तीन दिवस धार तुटलेली नाही. दुपारी नोटीस आली — अंधाराच्या आत खाली उतरा. बाबा कंपनीत अडकलेत, फोनवर एकच विचारतात, "निघाली का ती?"

निघाली! आधी बूड, मग पाय. पिशव्यांचा डबा, टॉवेल, पाण्याची कळशी. करंजी शाळेच्या भिंतीला लावली, चाकांना दगड लावले. आईनं आतून कडी घातली. बाकी सगळी वाडी दोन वर्गांत. मी व्हरांड्यात बसून लिहिते आहे.

जमलं. एवढंच वाटतं — जमलं.

२० जुलै

काल वही मिटली आणि सुमेधाची पोर रडायला लागली. चौदा दिवसांची. वर्गात गर्दी, ओले कपडे, डास. सुमेधा तिला घेऊन व्हरांड्यात येरझारा घालत होती. पोर थांबेना.

करंजीची कडी वाजली. आई पाय खाली सोडून बसली होती.

"सुमे, हिकडं ये. पोरीला घिऊन आत नीज."

"आनि तुमी, मावशी?"

"मी काय बाळंतीन हाय?"

दोन्ही हातांत डबा आणि कळशी. पदर धरायला हात मोकळा नव्हता. तशीच वर्गात गेली. मी मागे. प्रयागकाकींनी सरकून जागा केली.

"काय गो सोना, डब्यात काय?"

"पिशव्या. पोटाला लावते."

"दुखतं?"

"नाय. वास येतो."

काकींनी कोपऱ्यात झोपलेल्या आपल्या नवऱ्याकडे बोट केलं. "त्याच्या पायांच्या म्होरं कसला वास येतो तुजा! नीज."

चार-पाच जणी हसल्या. आईसुद्धा. पडल्या पडल्या मला म्हणाली, "बाय, खिडकीचा पत्रा काढ. पोरीला वारा लागू दे."

पावसात उभी राहून बाराही स्क्रू काढले.

२१ जुलै

डोंगर आला नाही. पाऊस अजून आहे. पहाटे पिशवी बदलायला वर्गात गेले, तर प्रयागकाकी लुगड्याचा आडोसा धरून उभ्या. पलीकडून आई म्हणाली, "झालं आमचं. तू जा."

बाहेर आले. हात रिकामे. उजाडत होतं. वर डोंगराकडे पाहिलं.

भीती वाटली.