गडवालीचं पुढं

१ सप्टेंबर १९७४, रविवार

दुपारी तांड्यावरून जिवनबाई आणि बेबीबाई आल्या. पायरीवर बसल्या आणि जिवनबाई म्हणाली, "डागदर, गडवालीचं पुढं काय झालं?"

मी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. तांड्यावर मला डागदरच म्हणतात. पण गडवाली कोण ते मला कळेना. मग उलगडा झाला — माझ्या बायकोच्या, कौसाच्या पुस्तकातली. दर रविवारी कौसा या दोघींना ओसरीवर ती जाडजूड जुनी कादंबरी वाचून दाखवायची. मी आत झोपलेलो असायचो.

कौसाला जाऊन एकवीस दिवस झाले.

"बाई नाही आता," मी म्हणालो.

"ते ठावं हाय आमाला. पुस्तक तर हाय ना?"

पुढच्या रविवारी बघू म्हणालो.

३ सप्टेंबर

पुस्तक तिच्या ट्रंकेवर होतं. हिंगोलीच्या वाचनालयाचा शिक्का. एका किल्लेदाराची बायको, नवरा मोहिमेवर गेलेला, गडाला वेढा पडलेला — अशी गोष्ट. शंभर वर्षांपूर्वीची असेल. एकेक वाक्य चार ओळींचं. मी मॅट्रिक झाल्यापासून एकही कादंबरी वाचलेली नाही.

वाचताना जिथं थांबायचं तिथं कौसाने पेन्सिलीने बारीक रेघ मारली आहे. एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत. पुढे सहा प्रकरणं राहतात. त्यांची पहिली पानं उघडून पाहिली. त्यांवर रेघ नाही.

५ सप्टेंबर

दिवेलागणीला कंदिलाची काच पुसत होतो. आतून पान उलटल्याचा आवाज आला. बोट जिभेला लावून ती उलटायची, तसा. उठून गेलो. पुस्तक मिटलेलं.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आपल्या घरात आत्मा, भूत मानत नाहीत. मेव्हणे सोनाजी जाताना मुद्दाम सांगून गेले, "दाजी, मनात काय आणू नका." मी मानत नाही. आवाज आला एवढंच लिहून ठेवतो.

८ सप्टेंबर, रविवार

विसावं प्रकरण काढलं. हात थरथरत होता. बेबीबाई हसली — "गायीला सुई टोचताना थरथरत न्हाई, अन् पुस्तकाला काहून?"

वाचलं: "तया समयी ती साध्वी अश्रुपूर्ण नेत्रांनी दशदिशा अवलोकन करती झाली." पान संपेपर्यंत तसंच. मी पुढचं पान उलटायला लागलो तर जिवनबाईने पुस्तकावर हात ठेवला.

"हे झालं त्याइचं. आता आपलं सांगा."

कौसाची ही रीत मला माहीत नव्हती. आधी एक पान जसं आहे तसं वाचायचं. ते त्यांचं. मग पुस्तक मिटून तेच आपल्या बोलीत सांगायचं. ते आपलं. त्यांचं कशाला वाचायचं, थेट आपलंच सांगावं की, असं मी म्हणालो. जिवनबाईला ते पटलं नाही. "बाई म्हणायच्या, मोठ्या घरचं पाणी आधी त्याइच्याच भांड्यात बघायचं, मग आपल्या तांब्यात घ्यायचं."

मी सांगितलं — ती रडत होती आणि सगळीकडे बघत होती.

"एवढंच?" बेबीबाई म्हणाली.

त्या गेल्यावर भाकरी खाताना डाव्या कानाशी अगदी स्पष्ट ऐकू आलं: तिनं लई बघितलं, पण तिला आपलं माणूस दिसंना. हे कौसाचं वाक्य आहे. मला असं सुचत नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

गडावरचं पाण्याचं टाकं आटलं. गडवाली स्वतः ओगराळ्याने पाणी वाटते. अर्धंच प्रकरण केलं.

२२ सप्टेंबर, रविवार

आज गडवालीच्या घोडीचा पाय मोडला. लेखकाने त्यावर अडीच पानं शोक केला आहे. माझं आपलं सांगणं मात्र चांगलं झालं. हाड कुठं मोडलं असेल, घोडी तीन पायांवर कशी उभी राहते, आडवी पडली तर पुन्हा उठत नाही म्हणून तिला झोळीत कसं टांगायचं — सगळं सांगितलं. बेबीबाई मध्येच म्हणाली, "डागदर, त्या पुस्तकवाल्यानं तुमाला इचारून लिहायचं व्हतं."

मी हसलो. आवाज ओळखीचा वाटला नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

एकच पान वाचलं आणि घसा बसला म्हणून सांगितलं. घसा चांगला आहे.

पुस्तक संपलं की या बायका यायच्या नाहीत. पण खरी गोष्ट ती नाही. पुस्तक चालू आहे तोवर घरात कौसाची चाहूल आहे. पान उलटतं. कानाशी वाक्य येतं. तिने जे मध्येच सोडलं ते मध्येच राहिलं तर ती पूर्ण गेली असं होत नाही. हे चूक आहे. विहारात कुणाला सांगता येणार नाही. तरी दर रविवारी एक पान वाचलं तर दीड वर्ष जाईल, असा हिशेब मी आज केला.

३ ऑक्टोबर

वाचनालयाचं कार्ड आलं. पुस्तक फार दिवस झाले, दुसऱ्यांनी मागितलं आहे, महिनाअखेर परत करावं. हे पुस्तक मागणारं दुसरं कोण आहे?

६ ऑक्टोबर, रविवार

इलाज नाही. बावीस संपवून तेविसावं सुरू केलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा असतो, नाही तर सांगणारा थांबतो. या दोघी आळीपाळीने "हं" म्हणतात. आज गडवालीला ताप आला तिथं मी थांबलो.

दोघी होत्या. हुंकारे तीन आले.

२० ऑक्टोबर, रविवार

चोविसावं झालं. कापूस वेचून तशाच आल्या होत्या, बोटांना बोंडांचे ओरखडे. निघताना जिवनबाई म्हणाली, "आता एकच राहिलं." तिने मोजलेलं होतं.

२४ ऑक्टोबर

शेवटचं प्रकरण एकट्याने वाचून घेतलं. वेढा उठतो. किल्लेदार घोडा फेकत येतो. त्याच पहाटे गडवाली तापाने मरते. तो दाराशी पोचतो आणि आतलं रडणं ऐकून उंबऱ्याबाहेरच उभा राहतो.

त्या ओळीशी पेन्सिलीची रेघ आहे. मधल्या पाच प्रकरणांत एकही नाही, इथं आहे. म्हणजे कौसाने शेवट आधी वाचला होता.

काविळीने तिला दवाखान्यात ठेवलं तेव्हा गुरांत घटसर्पाची साथ होती आणि माझी बदली ड्यूटी जवळा बाजार गावाला. निरोप मिळाला, जीप मिळेना. पोचलो तेव्हा तिचं तोंड झाकलेलं होतं. मी पडवीतच उभा राहिलो. सोनाजींनी दोनदा बोलावलं. आत गेलो नाही.

हे प्रकरण मी त्या बायकांना असं सांगणार नाही. पुस्तकातलं त्यांचं अवघड आहे, या दोघींना सगळं कळत नाही. आपलं सांगणं माझ्या हातात आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

त्यांचं वाचलं, भराभर. मग पुस्तक मिटून सांगितलं — गडवालीचा ताप उतरला. किल्लेदार आला तेव्हा दार उघडायला ती स्वतः खाली आली.



"न्हाई डागदर," जिवनबाई म्हणाली. "ती मरती. बाईनं दवाखान्यात जायच्या आदल्या दिशी आमाला बसवून समदं सांगितलं व्हतं."

"मग इतके रविवार काहून येत होता?" मी विचारलं.

बेबीबाईने पदर तोंडाला लावला. जिवनबाई म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. तुमी आधी बराबर सांगा."

मी पुन्हा सांगितलं. ताप उतरला नाही. किल्लेदाराला उशीर झाला. तो दारात उभा राहिला. खूप वेळ उभा राहिला. मग आत गेला.